नाव ठेवायची खिडकी

बीरशेवा, गृहखात्याचं कार्यालय, खिडकी क्रमांक चार.
एकतीस वर्षं मी इथे बसते.
लोक काचेपलीकडून बाळ दाखवतात,
मी काचेअलीकडून रकाना.

आज हगीत आली, नऊ दिवसांची पोर पोटाशी बांधून.
दवाखान्यातून निघताना नाव ठरलं नव्हतं.
"रोतेम," ती म्हणाली, आणि लगेच,
"फार जुनं झालं का हो?"

काय सांगू?
एक काळ होता, आठवड्याला पाच-पाच रोतेम लिहायचे मी,
मुलगेही, मुलीही.
माझ्या ओस्नातच्या वर्गात तीन:
लांब रोतेम, चष्म्याची रोतेम,
आणि एक मुलगा, ज्याला सगळे नुसतंच "तो" म्हणत.
मग आली परदेशात खपणारी नावं,
कुठल्याही विमानतळावर कुणाची जीभ न अडखळणारी.
यंदा माझ्या खिडकीवर ही पहिलीच.
"जुनं नाही," म्हटलं. "जरा टेकलंय."

रेश, ताव, मेम.
शेवटचा मेम चारी बाजूंनी बंद,
खिडकी नसलेल्या खोलीसारखा.
धातूचा अर्थ जुंपणे. घोडा, गाडीला.
पण झुडूप पाहिलंय त्याला हे पटायचं नाही.
पानं जवळजवळ नाहीतच, उभी केरसुणी नुसती,
वर्षभर कुणाच्या नजरेत न भरणारी,
आणि फेब्रुवारीत कोरड्या ओढ्याच्या काठानं
एकदम पांढरी,
पाकळीच्या बुडाशी जांभळट डाग, मधाचा वास.
ते कशालाच जुंपलेलं नाही.
किंवा असेल, खाली,
जिथे मुळं पाण्याची चौकशी करत जातात.

फरशी पुसता पुसता सुब्हिया थांबली.
"रतम? म्हणजे आमचंच की!
माझी सासू त्याचा कोळसा करायची.
रात्री राखेखाली पुरून ठेवायचा.
वरून हात लावा, थंडगार, मेल्यासारखा.
पहाटे एक फुंकर, की लाल.
चहा व्हायचा. भाकरीही."
आणि बादली उचलून ती पाच नंबरकडे गेली.

बाळ शिंकलं.

मी अर्ज भरत होते.
बापाचं नाव, आजोबाचं नाव, जन्मवेळ.
त्याखाली "पूर्वीचे नाव".
नवजात बाळाला पूर्वीचं काय असणार?
तिथे आडवी रेघ मारायची असते.
हजारो मारल्यात, न बघता.

माझ्या बिल्ल्यावर अलिझा लिहिलंय.
अ‍ॅटलासच्या डोंगरात, खेचरांच्या घंटांमध्ये, मी फ्रेहा होते.
दिमोनाच्या शाळेत बाईंनी हजेरीत खोडलं:
"अर्थ तोच गं, आनंद. आता हिब्रूत."
अर्थ तोच होता. बाई खोटं बोलल्या नाहीत.
घरी आई मात्र आठवडाभर
मला कुठल्याच नावानं हाक मारेना.

पुढे त्या नावालाच लोकांनी नावं ठेवली.
भडक लिपस्टिकची, मोठ्यानं हसणारी कुठलीही पोर दिसली
की रस्त्यातली मुलं ओरडायची: फ्रेहा!
शिवीच झाली ती.
आणि दोन पिशव्या घेऊन चाललेली मी, अलिझा,
वळून बघायचे.
दर वेळी.

"इथे काहीतरी लिहिलंय,"
हगीतचं बोट त्या रकान्यावर.
"एकच अक्षर आहे. पे. हे काय असतं?"

"चूक," म्हटलं. "माझी."
दुसरा अर्ज घेतला. रोतेम. मुलगी.
पूर्वीचे नाव: रेघ.
शिक्का जरा जोरातच बसला, पोर दचकली,
पण रडली नाही.

पहिला अर्ज फाडायचा असतो, तसा नियम आहे.
घडी घालून पर्समध्ये ठेवला,
बसच्या पासामागे.

एकशे बेचाळीस,
कोण आहे एकशे बेचाळीस?